अव्वांची पंच्याहत्तरी आणि खिरीची वाटी

"पंच्याहत्तर पोरं लागतील बघा बाई," अण्णासाहेब फोनवर म्हणाले.

"आमच्याकडे बेचाळीस आहेत."

"बेचाळीसच? अव्वाला पंच्याहत्तर पुरी होत्यात. वर्षाला एक पोरगं, असं ठरलंय आमच्यात. बाहेरनं आणा की तेहतीस."

"बाहेरून कुठून आणू?"

"दुसऱ्या शाळेतनं आणा. अपंगच पाहिजेत असं न्हाय, पण असली तर बरं. सगळी कशी सारखी दिसतील."

मी तोंडावर हात धरून हसू दाबलं. मग भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला गोल केला, कारण आईच्या पंच्याहत्तरीनिमित्त अण्णासाहेब शाळेला व्हॅन देणार होते.

मी कोल्हापुरात एका चर्चच्या ट्रस्टची शाळा एकोणीस वर्षं चालवली. माझं आडनाव गायकवाड, त्यामुळे पहिली दहा मिनिटं लोक माझ्याशी अगदी मोकळेपणानं बोलायचे. नंतर भिंतीवरचा क्रूस दिसला की आवाज खाली करून विचारायचे, "बाई, इथं पोरांना बाटवत न्हाई ना?" मी सांगायची, आमच्या पोरांना स्वतःच्या हातानं घास तोंडापर्यंत नेता आला तरी आम्ही पेढे वाटतो. बाटवायला वेळ कुठला?

आमची बहुतेक मुलं सेरेब्रल पाल्सीची. जन्माच्या आसपास मेंदूला इजा होते आणि स्नायूंवर ताबा राहत नाही. लोकांना वाटतं, हात आणि पाय एवढेच स्नायू. पण गिळायलाही स्नायू लागतात. घास अन्ननलिकेत जाताना श्वासनलिकेचं दार बंद व्हावं लागतं. तुमचं-आमचं ते आपोआप होतं. या मुलांचं होईलच असं नाही. मग अन्न फुप्फुसात उतरतं आणि न्यूमोनिया होतो. म्हणून आमच्याकडे निकिता नावाची स्पीच थेरपिस्ट होती. ती मुलांना बोलायला शिकवते असं सगळ्या पाहुण्यांना वाटायचं. तिचा अर्धा दिवस मुलांना गिळायला शिकवण्यात जायचा.

पूर्वी परदेशातल्या चर्चेसकडून मदत यायची. ती आटली. मग आम्ही गावाकडे वळलो आणि गाव धावून आलं, हे मी कबूल करते. कोल्हापूरकराचा हात सढळ आहे. फक्त त्याचं दान त्याच्या डोळ्यांदेखत कुणाच्या तरी तोंडात गेलं पाहिजे. थेरपिस्टचा पगार तोंडात जाताना दिसत नाही. व्हॅनचे टायरही दिसत नाहीत. त्यामुळे आम्हाला वाढदिवसाची जिलेबी मिळायची, वर्षश्राद्धाची बुंदी मिळायची, नगरसेवक निवडून आला की पेढे, पडला की शांतीसाठी केळी. सलग चार दिवस गोड खाऊन मुलांची पोटं बिघडली की औषधं मात्र आमची आम्ही आणायचो.

आणि सगळ्यांना भरवायचं असायचं, स्वतःच्या हातानं, फोटो काढून.

अशाच एका कार्यक्रमात, अव्वांच्या पंच्याहत्तरीच्या दोन वर्षं आधी, एका क्लबच्या अध्यक्षांनी आरोहीला गुलाबजाम भरवला. आरोही तेव्हा पाच वर्षांची. मंगळवार पेठेतल्या एका शिंप्याची मुलगी. बोलता येत नाही, पण हसते अशी की फोटोवाल्यांना तीच हवी असते. अध्यक्ष पाक निथळत्या गुलाबजामाचे तुकडे कोंबत होते आणि मी शेजारी उभी राहून हसत होते. पुढच्या वर्षीच्या पुस्तकांचं त्यांनी कबूल केलं होतं ना! आरोही नऊ दिवस दवाखान्यात होती. तिची आई मला एक शब्द बोलली नाही. तिनं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पुस्तकं आली. त्यांच्यावर अध्यक्षांचा फोटो होता.

त्यानंतर निकितानं खुर्चीचा नियम काढला. ज्याला मुलांना भरवायचं आहे त्यानं आधी स्वतः भरवून घ्यायचं. खुर्चीत बसायचं, हात मांड्यांखाली, मान मागे, बोलायचं नाही. दुसरा माणूस हवा तेव्हा, हवा तेवढा घास देणार. दोन मिनिटांत समोरच्याला सगळं कळतं, भाषण द्यावं लागत नाही. मुलांना सांभाळणाऱ्या आमच्या सगळ्या आया त्या खुर्चीत बसल्या, शिकाऊ मुली बसल्या, मीही बसले.

देणगीदार सोडून सगळे बसले. ती सूट आमच्या चेअरमननी दिली होती, रेव्हरंड साहेबांनी. माणूस भला, पण देणगीदारापुढे त्यांची प्रार्थना देणगीच्या मापानं लांबायची. केळीवाल्याला दोन वाक्यं. अण्णासाहेबांसाठी ते महिनाभर उपासाला बसले असते.

"मॅडम, त्या दिवशी तुमची खुर्ची आत ठेवा," त्यांनी मला बजावलं. "प्रभूनं दार उघडलं आहे."

दार व्हॅनचं होतं आणि ते आम्हाला खरंच हवं होतं. आमची जुनी गाडी कसबा बावड्यापासून मुलं गोळा करत यायची. दोन आया एकेका मुलाला उचलून आत ठेवायच्या. मुलं वाढतात, आयांच्या कमरेतला जोर वाढत नाही. वजन पेलेना म्हणून तीन मुलं आधीच घरी बसली होती. अण्णासाहेबांची व्हॅन रॅम्पची होती, व्हीलचेअर सरळ आत. म्हणून मी खुर्ची आत ठेवली. खोलीला कडी घातली. हे सगळं समजून उमजून केलं, कुणावर ढकलत नाही.

अण्णासाहेब गुळाचे मोठे व्यापारी. घर मूळचं सीमाभागातलं, म्हणून आई 'अव्वा'. पंच्याहत्तरीला जेवण म्हणजे खपली गव्हाची खीर, घरच्या गुळाची. खाणाऱ्याला ती अमृत आहे. गिळताना अडचण असलेल्या मुलाला मात्र तिच्याइतकं वाईट काही नाही. वर पातळ रस, आत अख्खे दाणे, खोबऱ्याचे काप. रस आधी पळतो, दाणा मागून येतो, आणि मुलाला कळत नाही आधी कुणाला सांभाळायचं. मी फोनवर सुचवलं होतं की आमच्या मिक्सरमधून काढू.

"खीर मिक्सरमधनं?" अण्णासाहेब म्हणाले. "बाई, अव्वा माझ्या कानाखाली काढंल."

त्या दिवशी सकाळी दहाला तीन गाड्या आल्या. पातेली उतरली, नातेवाईक उतरले, फोटोग्राफर उतरला आणि एक भलामोठा बॅनर उतरला. त्यावर अव्वा, अण्णासाहेब आणि कोपऱ्यात एक अनोळखी गोरं अपंग बाळ, इंटरनेटवरून घेतलेलं. अण्णासाहेब रेव्हरंड साहेबांना बाजूला घेऊन म्हणाले, "तेवढा क्रॉस फोटोत नको हं. गावात उगंच चर्चा." साहेब म्हणाले, "हो, हो." आणि स्वतः स्टुलावर चढून बॅनर बरोबर क्रूसावर लावला.

प्रार्थना अकरा मिनिटं चालली.

अव्वा लहानखुऱ्या, कपाळाला विभूती, डोक्यावर पदर. त्यांना कुणी काही विचारत नव्हतं. इकडून उचलून तिकडे बसवत होते. त्या बाबतीत त्या आणि आमची मुलं सारखीच होती.

"ही घ्या, ही," फोटोग्राफर म्हणाला. बोट आरोहीकडे होतं. "गोड हसत्या."

आरोहीची व्हीलचेअर अव्वांसमोर आणली. अव्वांच्या हातात चांदीची वाटी, चमचा. चमच्यात रस, दाणे, खोबरं. आरोहीनं निकितानं शिकवल्याप्रमाणे हनुवटी खाली घेतली. हनुवटी खाली असली की श्वासनलिकेवर आडोसा येतो, घास नीट मार्गाला लागतो. ही एवढी एक गोष्ट शिकायला तिला दीड वर्ष लागलं होतं.

"बाळा, वर बघ," फोटोग्राफर म्हणाला.

ती बघेना.

"तोंड दिसंना झालंय. ए बाळा, वर!" तो पुढे आला आणि त्यानं दोन बोटांनी तिची हनुवटी उचलली. मान मागे गेली, तोंड उघडलं. फोटो झकास आला असता. "हां, अव्वा, आता घाला."

निकितानं माझ्याकडे बघितलं. मी रेव्हरंड साहेबांकडे. ते बॅनरकडे बघत होते. मला आरोहीची आई आठवली, दवाखान्याच्या पायरीवर बसलेली.

"थांबा," मी म्हणाले. फार मोठ्यानं, वर्गात ओरडतात तसं. "तिच्या हनुवटीवरचा हात काढा."

अव्वांचा चमचा हवेतच राहिला.

"काय झालं बाई?" अण्णासाहेब म्हणाले.

"आमच्याकडे एक नियम आहे," मी म्हणाले आणि सांगितला. व्हॅन लांब लांब जाताना मला स्पष्ट दिसत होती.

"मॅडम," रेव्हरंड साहेब म्हणाले, "आज आपण पुन्हा एकदा प्रार्थना करू या का?"

पण अण्णासाहेब कोल्हापूरचे. चारचौघांत कुणी 'जमेल का?' असं विचारलं की मागं सरकणारी ही जात नव्हे. "एवढंच व्हय?" ते म्हणाले. "आना खुर्ची. खीर खायला कशाला भ्यायचं? लहानपणापास्नं खातोय."

खुर्ची आली. पांढऱ्याशुभ्र शर्टातले अण्णासाहेब बसले. हात मांड्यांखाली.

"आता वर बघा," मी म्हणाले. "अजून वर. फोटोत तोंड दिसायला पाहिजे. बोलायचं नाही."

आणि मी भरवलं, अगदी पाहुणे भरवतात तसं. एक चमचा. तो उतरला की नाही हे न बघता दुसरा. नातेवाईकांकडे बघून हसत तिसरा. तिसऱ्याला ठसका लागला. खीर नाकातोंडातून शर्टावर, डोळे लालभडक, हात मांड्यांखालून सुटून हवेत. निकितानं त्यांना पुढे वाकवलं. फोटोग्राफरनं सवयीनं क्लिक केलं. दिवसातला तेवढा एकच फोटो अस्सल होता.

"मेलो की वो," अण्णासाहेबांना आवाज फुटला तेव्हा ते म्हणाले.

कुणी हसलं नाही. मला हसू येत होतं, खोटं कशाला बोलू? पण तेवढ्यात अव्वा बोलल्या. सकाळपासून पहिल्यांदाच.

"बाळू, तुझ्या अप्पांचं असंच व्हायचं."

अण्णासाहेब तोंड पुसायचे थांबले.

"अर्धांग झाल्तं त्यास्नी," अव्वा मला सांगू लागल्या. "सहा म्हैनं खाटंवर. मीच भरवायची, आडवं निजवून. हीच खीर, आवडीची म्हणून. खोकायचे, डोळ्यातनं पानी यायचं. आम्हाला वाटलं, कफ झालाय. कफातच गेले." चमचा वाटीत ठेवला. "कुणी सांगितलंच न्हाय बघा."

माझ्याकडे नियम होता, खुर्ची होती, निकिता होती, आणि त्या बाईला तेव्हा सांगणारं कुणी नव्हतं. मी नुसता त्यांचा हात धरला.

त्यांनी तो सोडवून घेतला. "रडायचं मागनं. हिला कसं घालायचं, ते दावा आधी."

निकितानं खीर मिक्सरमधून काढली. कुणीच कुणाच्या कानाखाली काढली नाही. आरोहीला सरळ बसवलं, हनुवटी खाली. निकिता म्हणाली, "अर्धाच चमचा, अव्वा. आता थांबायचं. गळ्याकडे बघायचं. ती वर-खाली झाली बघा गाठ? आता पुढचा." एक वाटी संपायला चाळीस मिनिटं लागली. फोटोग्राफर पाच मिनिटं टिकला. "डोस्क्याचे केसच येत्यात नुसते," म्हणून तो बाहेर जाऊन पानाची टपरी शोधायला लागला. नातेवाईक खीर खाऊन पांगले. अण्णासाहेब डाग पडलेल्या शर्टात शेवटपर्यंत कोपऱ्यात बसून राहिले.

व्हॅन आली नाही. दोन महिन्यांनी वर्तमानपत्रात फोटो आला, अण्णासाहेबांची व्हॅन दुसऱ्या एका संस्थेला मिळाली होती. तिथली मुलं छान वर बघत होती. मला राग आला, आणि घरी बसलेल्या आमच्या तीन मुलांपैकी एकही परत येऊ शकलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. त्या दिवसाची तेवढी किंमत होती. ती मी भरली नाही, त्यांनी भरली.

रेव्हरंड साहेब आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. मग एका दुपारी आले, पुन्हा आत गेलेली खुर्ची कडी काढून ऑफिसात आणली आणि तीत बसून निकिताकडून भरवून घेतलं. ठसका त्यांनाही लागला. त्यांनी बॅनर काढला, तेव्हा त्याच्या मागे क्रूसावर पालीनं घर केलेलं सापडलं.

भरवायला येणाऱ्या प्रत्येकाला मी निवृत्त होईपर्यंत ती खुर्ची दाखवत राहिले. जिलेबीवाल्यांचे फोन निम्म्यावर आले. मुलांची पोटं सुधारली.

दर गुरुवारी मात्र अकराच्या सुमारास एक रिक्षा यायची. अव्वा उतरायच्या, पदराखाली डबा. पहिल्या गुरुवारी खिरीत दाणा राहिला म्हणून निकितानं त्यांना परत मिक्सरकडे पाठवलं. दुसऱ्या गुरुवारपासून त्या घरूनच गाळून आणू लागल्या. रिक्षावाल्याला सांगायच्या, "चाळीस मिन्टं थांब बाबा, पोरगी जेवत्या." आणि आरोही त्यांना बघून हसायची, पण घास दिसला की हनुवटी खाली.