वाडग्याची घरपट्टी

हे कुणाला सांगायचं नाही, असं आईनं मला बजावलंय. पण यंदा आमच्या वस्तीवर घरपट्टीवरून इतकं काही घडलं, की एक आठवलं की त्याच्या मागून दुसरं येतं, मेंढरांसारखं! वर्गात मी फारशी बोलत नाही, म्हणून लिहून सांगते. तुमच्यापुरतंच ठेवा.

आमची वस्ती कळंबच्या रस्त्याला, गावापासून लांब. बाकीच्यांनी मेंढरं विकून ऊस लावला. आमच्या आप्पांनी नाही विकली. दिवाळी झाली की ते कळप घेऊन चालत कोकणात जातात, ते पावसाळ्याच्या तोंडाला परततात. घरी मी आणि आई. शेजारी पारूकाकी.

*

आप्पा गेले आणि ग्रामसेवक भाऊसाहेब टेप घेऊन आले. घरपट्टीची नवी आकारणी होती. घर मोजून झालं, मग ते मेंढरांचं रिकामं वाडगं मोजायला लागले. वाडगं म्हणजे नुसतं दगडांचं कुंपण.

"ही दुसरी खोली," भाऊसाहेब म्हणाले.

"छप्पर न्हाय ओ तिला!" आई म्हणाली.

"घालालच की कधीतरी."

पारूकाकीनं माझ्याकडं बोट दाखवलं. "पोरीचं लगीन बी कधीतरी व्हईलच. आत्ताच अक्षता टाकून जावा!"

मी दाराआड पळाले. खोली मात्र लिहिली गेली. संध्याकाळी मी वाडग्यात जाऊन बसले. अजून लोकरीचा वास येत होता.

*

त्याच पट्टीत दिवाबत्तीचा कर होता. वस्तीवर खांब आहे, दिवा नाही. आई सरपंच तात्यांना विचारायला गेली.

"खांब तर हाय ना? मग दिवा कुठं जातोय!" तात्या म्हणाले.

पारूकाकीनं स्वतःचा कंदील खांबाला बांधला आणि तात्यांना निरोप धाडला, "दिवा लागला. आता राकेल पंचायतीनं द्यायचं!"

दुसऱ्या दिवशी शिपाई कंदील उतरवून गेला. म्हणाला, "विनापरवाना हाय!"

पण त्या एका रात्री दार जरा उघडं ठेवून मी तो उजेड बघत पडले होते. वाटलं, आप्पा आज आले तर त्यांना लांबूनच घर दिसेल.

*

जो तो म्हणे, "मालक आल्यावर बघू." म्हणून आईनं आप्पांना निरोप धाडला. आमच्यात निरोप तोंडी जातो, एका कळपाकडून दुसऱ्या कळपाकडं. वाडगं, खोली, पट्टी, सगळं सांगून धाडलं.

बऱ्याच दिवसांनी निरवांगीचा एक मेंढका उत्तर घेऊन आला. "आप्पा म्हणालं, काळी मेंढी व्याली. पोरगी शाळंत जाती का?"

"आन् पट्टीचं?"

"त्ये काय बोलले न्हाईत."

आई आधी खूप हसली. मग चुलीकडं तोंड करून बसली.

*

शेवटी आम्ही तिघी एसटीनं इंदापूरला, पंचायत समितीच्या कचेरीत गेलो. तिथला क्लार्क म्हणाला, "सरपंचांविरुद्ध तक्रार आहे ना? मग सरपंचांच्या सहीनंच आणा."

"म्हंजी सासूचं गाऱ्हाणं सासूला इचारून सांगायचं व्हय!" काकी म्हणाली.

क्लार्क हसला, पण अर्ज घेतला नाही. "ग्रामसभेत हरकत घ्या. तिथं नाही घेतली, तर खोली कायमची."

स्टँडवर पुण्याची गाडी सुटली. आप्पा त्याच बाजूनं घाट उतरतात. गाडी दिसेनाशी होईपर्यंत आई तिकडंच बघत होती.

*

ग्रामसभा मारुतीच्या देवळासमोर भरली. बाया मागं, खांबाआड. आई उभी राहिली, तसे सरपंच तात्या हसून म्हणाले, "हरकत घरमालकाची लागती. मालकाचं नाव सांगा, भाऊसाहेब लिहून घेतील. नाव न्हाय तर हरकत न्हाय!"

तात्यांना आप्पांचं नाव ठाऊक नाही असं थोडंच आहे! पण आमच्याकडं बाई नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नाही. शाळेत दाखला करतानाही आईनं ते माझ्याकडूनच सांगून घेतलं होतं. आत्ताही मी सांगू शकले असते. पण एवढी माणसं बघून मी पारूकाकीच्या मागं सरकले.

"चला, पुढचा विषय," तात्या म्हणाले.

तेवढ्यात आईनं पदर सारखा केला आणि खणखणीत आवाजात म्हणाली,

"वाडग्याला न्हाय छप्पर, खांबाला न्हाय दिवा,
बिरूरावांचं नाव घेते, तात्या, लिहून ठिवा!"

आधी बाया हसल्या, मग गडीमाणसं, मग स्वतः भाऊसाहेब!

पारूकाकी ओरडली, "तात्या, नाव घेतलं! आता आहेर करा! आन् पुढच्या येळंला सरपंचाची सीट बाईला राखीव हाय म्हणं, खुर्ची पुसून ठिवा!"

हशा थांबेना. तात्यांनी टोपी काढली, परत घातली. "काढा ओ भाऊसाहेब ती खोली," ते हळूच म्हणाले.

आप्पांचं नाव आईच्या आवाजात मी पहिल्यांदाच ऐकलं. घरी येताना म्हटलं, "आई, परत एकदा घे की."

"गप बस," ती म्हणाली. पण वाडग्यापाशी आल्यावर ती थांबली. मला पुढं जायला सांगितलं. मी दारात जाऊन वळून बघितलं, तर तिनं घाटाकडं तोंड केलं होतं, आणि कुणी नाही असं बघून ती हळूच... थांबा, आत्ता आईच मला हाक मारतेय.

"शेवंते! कवाधरनं हाका मारतीया, ये की हिकडं!"