काचेआडचं धुकं

माझा धाकटा दीर समुद्रात बुड्या मारणाऱ्या पाणबुड्यांसाठी घड्याळं बनवतो आणि त्याला स्वतःला पोहता येत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी त्याचं कितीही कौतुक केलं तरी वहिनी वाहवत गेली असं कुणी म्हणायला नको.

त्याचं दुकान म्हणजे आमच्या घराचीच रस्त्याकडची खोली. माझे सासरे जन्मभर तिथे घड्याळं दुरुस्त करत बसले. खिडकीला लागून छातीइतकं उंच टेबल, त्यावर चिमटे, तेलाच्या इवल्या वाट्या, डोळ्याला लावायची भिंगं. शेवटची काही वर्षं टेबलाच्या एका टोकाला सासरे बसायचे, दुसऱ्या टोकाला दीर आणि मधे त्यांची भांडणं.

दीर आधी एका बड्या घड्याळ कंपनीत होता. तिथल्या पाण्यात चालणाऱ्या घड्याळाची किंमत त्यानं सांगितली तेव्हा मी विचारलं होतं, "भाऊजी, एवढ्या पैशात अख्खी पाणबुडीच येत असेल की!"

तो हसला नाही. म्हणाला, "वहिनी, ही घड्याळं घेणारे हात धुतानाही ती काढून ठेवतात. आणि जे खरोखर समुद्रात उतरतात, ते प्लॅस्टिकचं घालतात. त्यांनी काय घोडं मारलंय? त्यांना चांगली वस्तू नको?"

आणि ह्या रागापायी त्यानं नोकरी सोडली. "हातचं सोडून पळत्याच्या पाठी," असं सासरे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत सुटले. पण टेबलावरची आपली अर्धी जागा त्यांनी त्याच आठवड्यात रिकामी करून दिली.

दिराचा हिशेब सरळ होता. आतलं यंत्र बाजारातलंच घ्यायचं, पण दणकट. म्हणजे उद्या बिघडलं तर कुठलाही घड्याळजी उघडून बघू शकेल. ते स्वतः खोलून, तेल घालून, वेळेला चोख करायचं. जाहिरात नाही, काचेचं दुकान नाही, मखमली डबी नाही. डबीऐवजी मी दिवाणखान्याच्या पडद्याच्या पिशव्या शिवून दिल्या, म्हणून ती खिडकी अजून उघडी बोडकी आहे. असं वाचवलेलं सगळं तो काचेवर, पोलादावर आणि पाणी अडवणाऱ्या रबरी कड्यांवर ओतायचा. तबकडीभोवतीचं फिरतं कडं डोळे मिटून, कानाशी धरून फिरवायचा. एखादी 'कट्' जरा जरी बोबडी आली, की कडं पुन्हा कानशीखाली.

चैन म्हणून एकच. घड्याळाच्या कडेला दोऱ्याएवढी बारीक पट्टी तो हातानं घासून आरशासारखी करायचा. तिच्यावर त्याची संध्याकाळच्या संध्याकाळ जायची. मी म्हटलं, "समुद्राच्या तळाशी ही कोण बघायला बसलंय?"

"खाली जाणारा माणूस वरही येतो ना, वहिनी. लग्नाकार्याला जातो. चारचौघांत हात पुढे करतो."

मी पुढची पिशवी शिवायला घेतली.

आणि घड्याळाची परीक्षा! ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी चुलीवरचं दूध विसरले. जाड लोखंडी भांडं, त्याला काचेची खिडकी आणि बाजूला हातपंप. आत अर्ध्यावर पाणी. घड्याळ वर हवेत टांगायचं, पंप मारून दाब वाढवायचा, मग ते पाण्यात सोडून दाब हळूहळू कमी करायचा. कुठून हवा आत शिरली असेल, तर तिथून बुडबुडा येतो. खोल समुद्राचं सगळं वजन त्या भांड्यात, माझ्या दुधाच्या पातेल्यापासून दहा पावलांवर! त्यातून पास झालं की घड्याळ कोमट तव्यावर ठेवायचं आणि काचेवर गार पाण्याचा एक थेंब टाकायचा. आत ओल असेल तर थेंबाखाली काचेला आतून धुकं धरतं. धरलं नाही, तरच माझी पिशवी मिळायची.

सासऱ्यांचा आणि त्याचा कायमचा झगडा होता तो फुंकरीवरून. मागचं झाकण लावण्याआधी तबकडीवर धूळ दिसली की सासरे ओठांचा चंबू करून हलकेच फुंकर मारायचे. जन्माची सवय. दीर ओरडायचा, "बाबा, तोंडानं नाही!" आणि हवा मारायचा रबरी फुगा पुढे करायचा. फुंकरीत ओल असते म्हणे.

"माझ्या फुंकरीनं कुणाचं घड्याळ मेलं?" सासरे फणकारायचे.

"तुमच्या घड्याळांतून ती निघून जायची, बाबा. माझ्यातून नाही जायची."

उन्हाळा सुरू होता होता सासरे गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. टेबलाचं ते टोक दिरानं तसंच ठेवलं.

थंडी पडली आणि एका सकाळी त्याचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक दारात उभं राहिलं. बंदरातला पाणबुड्या, जहाजांच्या पंख्यात अडकलेले दोर पाण्याखाली जाऊन कापणारा. एरवी आला की थट्टा करायचा. त्या दिवशी त्यानं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं.

"घड्याळवाले, ह्याला धुकं धरतंय. उन्हाळाभर कोमट पाण्यात काही नव्हतं. काल गार पाण्यात खोल गेलो आणि काच आतून पांढरी झाली. काटेच दिसेनात. वर येऊन हात बगलेत धरला, तर गेलं."

दिराचा चेहरा खर्रकन उतरला. रबरी कड्यांत खोट असेल तर ती सगळ्याच घड्याळांत असणार. त्यानं तिथल्या तिथे एकेका गिऱ्हाइकाला फोन लावला, "माझं घड्याळ घालून पाण्यात उतरू नका." बंदरावरच्या पाणबुड्यांच्या सबंध तुकडीसाठी घड्याळं घ्यायचं ठरत होतं, तिथल्या मुख्यालाही फोन करून थांबायला सांगितलं.

"अहो भाऊजी, एकाच घड्याळाची तर तक्रार आहे," मी म्हटलं. "आपल्या पायावर धोंडा कशाला पाडून घेता?"

"वहिनी, त्यानं खाली वेळ बघितली आणि ती दिसली नाही. एवढं बास आहे."

घड्याळ भांड्यात गेलं. आम्ही खिडकीला डोळे लावले. एक बुडबुडा येईना. पुन्हा केलं. घड्याळ दगडासारखं गप्प. मग तव्यावर ठेवून थेंब टाकला आणि बघता बघता काचेखाली नाण्याएवढं पांढरं धुकं उमटलं.

दीर खुर्चीत बसला. "ओल आत आहे," तो म्हणाला, "आणि तिला आत यायला वाटच नाही."

एवढ्यात सासूबाई चहा घेऊन आल्या. घड्याळांत त्यांना कधी रस नव्हता, नवऱ्यानं आणि मुलानं मिळून तो पुरता मारला होता. कप ठेवता ठेवता म्हणाल्या, "हे तू तापानं पडला होतास तेव्हाचं ना? हे गृहस्थ बोटीवर निघाले होते, दारात घाई करत होते."

पाणबुड्यानं मान हलवली. "बाबांनीच बंद करून दिलं. दाब देऊन बघितलं. थेंबाला मीच थांबलो नाही."

"मग त्यांनी फुंकर मारली असेल," सासूबाई म्हणाल्या. आमटीत मीठ राहिलं असेल, असं म्हणावं तशा.

दिरानं घड्याळ उचललं आणि पुन्हा ठेवलं. "कड्या चोख आहेत," तो पुटपुटला. "चोख आहेत म्हणून तर..."

आम्ही सासऱ्यांना पोचवून आलो, त्यांचे कपडे वाटून टाकले, चष्मासुद्धा कुणाला तरी दिला. आणि इकडे त्यांचा श्वास ह्या माणसाच्या मनगटावर बसून समुद्राच्या तळाशी जात होता, वर येत होता! एवढ्या पाण्याला आत येता आलं नाही आणि एवढ्याशा फुंकरीला बाहेर जाता आलं नाही. माझ्या दिरानं काय करून ठेवलं होतं, ते मला त्या क्षणी कळलं.

पाणबुड्या खाकरला. "उघडू नका. राहू द्या तुमच्याकडे. मला दुसरं द्या, घाई नाही."

दिरानं आईकडे पाहिलं. त्याला 'हो' म्हणायचं होतं, ते आंधळ्यालाही दिसलं असतं.

"कशाला राहू द्या?" सासूबाई म्हणाल्या. "ते त्यांनी ह्यांच्यासाठी बंद केलंय, ह्यांच्याच हातावर जाईल. उघड." मग जरा थांबून म्हणाल्या, "आधी तो थेंब टाक एकदा. मी पाहिलं नाही."

दिरानं घड्याळ तव्यावर ठेवलं, थेंब टाकला. सासूबाई टेबलावर वाकल्या. काचेखाली धुकं उमटलं आणि त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी बोटानं थेंब पुसला. काच पुन्हा ऊन झाली, धुकं कडेकडेनं विरत गेलं, काटे दिसू लागले.

"हं. उघड आता."

झाकण फिरलं, सुटलं. आवाजसुद्धा झाला नाही. सासूबाई तिथेच वाकलेल्या होत्या, अगदी जवळ, आणि मी दुसरीकडे पाहिलं.

दिरानं सगळं सुकवलं, नव्या कड्या बसवल्या, झाकण हातात घेतलं. तेवढ्यात तबकडीवर धुळीचा एक कण दिसला. तो खाली वाकला आणि त्याच्याही नकळत त्याच्या ओठांचा चंबू झाला. हुबेहूब सासरे.

सासूबाईंनी त्याच्या तोंडावर तळहात ठेवला.

"तोंडानं नाही," त्या म्हणाल्या आणि रबरी फुगा त्याच्या हातात दिला.