अक्का कुटुंबात बसत नाही

ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरी जाण्याच्या पंधरा दिवस आधी मी एक प्रवास केला, त्याचं हे वर्णन. विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, सोनिवली आणि परत. आमच्या निवृत्त मंडळींपैकी कोणी म्हणेल, यात प्रवास तो काय, हा तर रोजचा रस्ता! खरं आहे. पण त्या एका दिवसात माझी जितकी मतं बदलली तितकी पुढे समुद्र ओलांडूनही बदलली नाहीत.

माझी थोरली बहीण, अक्का, सोनिवलीला राहते. तिची मुलगी मनीषा पर्थला. मनीषाचं पहिलं बाळंतपण आलं, आणि मुलीचं बाळंतपण आईने करायचं ही आमच्याकडची रीत. अक्का अडुसष्ट वर्षांची, विमान तिने फक्त अंगणातून पाहिलेलं, म्हणून सोबतीला मी. बाळंतिणीजवळ सव्वा महिना राहायचं, पुढचेमागचे दिवस धरायचे, अशी पन्नास दिवसांची तिकिटं काढली होती. काळजी एकच होती. अक्काला दमा आहे. डॉक्टर म्हणाले होते, जा, पंप जवळ ठेवा. पण तिथे श्वास अडकला आणि दवाखान्यात न्यावं लागलं तर? परदेशातल्या दवाखान्याचा खर्च ऐकूनच इथल्या माणसाला धाप लागते.

मनीषाला दम्याचं सांगितलेलं नव्हतं. तरी ती फोनवर दर वेळी विचारायची, "मामा, आईचा प्रवासाचा विमा काढलास ना?" आणि मी ऐटीत सांगायचो, "माझ्या बँक खात्याबरोबर फुकट आहे. फॅमिलीसकट!"

हे खातं दहा वर्षांपूर्वीचं. तेव्हा बँकेने बढती दिल्यासारखं माझं साधं खातं उच्च श्रेणीत टाकलं, जाडसर कार्ड दिलं आणि विम्याचं माहितीपत्रक घातलेलं पाकीट दिलं. तेव्हा माझी पत्नी सुनंदा होती. ती म्हणाली होती, "विमा आहे, तर आता कुठेतरी जाऊ." आम्ही महाबळेश्वरच्या पुढे गेलो नाही. सहा वर्षांपूर्वी ती गेली. मूलबाळ नाही. पाकीट कपाटात तिच्या साड्यांखाली राहिलं, ते त्या सकाळी बाहेर काढून मी निघालो.

पहिला मुक्काम उल्हासनगर. इथे फाळणीच्या निर्वासितांच्या जुन्या कॅम्पातल्या बाजारात शिरलं की मागितलेली वस्तू सोडून बाकी सगळ्याचे भाव आधी कळतात. मी एक मोठी चाकांची बॅग घेतली. "सौ टका मजबूत," दुकानदार म्हणाला. ती ओढत मी तिकिटं काढून देणाऱ्या दौलतभाईंकडे गेलो. दौलतभाई सिंधी, साठीचे, गिऱ्हाइकाला खाऊ घातल्याशिवाय विषय काढत नाहीत. दाल-पकवान (मैद्याची कुरकुरीत पुरी आणि हरभऱ्याची डाळ) समोर आलं. डाळीवर चिंचेची चटणी, कच्चा कांदा. माझं अर्धं पकवान शर्टावर सांडलं, पण बेत झकास होता.

"काका, दीदीचा इन्शुरन्स?" त्यांनी विचारलं.

"बँकेचा आहे ना, फॅमिली कव्हर."

"कागद वाचला?"

"त्यात काय वाचायचं? बँक आहे, सोम्यागोम्या नाही."

"साईं, मैं जबरदस्ती नहीं करता. पण एकदा बँकेत विचारून घ्या. बँकवालों की फॅमिली छोटी होती है." त्यांनी एका विमा कंपनीचा कोरा फॉर्म माझ्या हातात दिला. "दीदीला काही बिमारी असेल तर यात सच लिखना. थोडा ज्यादा पैसा लागेल, डॉक्टरचा कागद लागेल. पण लपवलं तर ऐन वेळेला क्लेम जाईल."

मला वाटलं, यांना कमिशन हवंय. दाल-पकवानाचं मोल असं वसूल करतात का, असंही मनात आलं. आज त्याची लाज वाटते. फॉर्म तेवढा घडी करून खिशात टाकला.

अंबरनाथला शेअर रिक्षातून उतरलो आणि शंभर टक्के मजबूत बॅगेचं एक चाक निखळून गटाराकडे धावलं. मी त्याच्यामागे. एका भाजीवाल्या मावशींनी पाय आडवा घालून ते अडवलं. "विमानात जायची दिसतेय बॅग," मावशी म्हणाल्या, "रिक्षातच दमली." चाक खिशात आणि बॅग काखेत, अशा थाटात मी बँकेत शिरलो.

काउंटरवर तिशीची एक मुलगी होती. मी तिच्यापुढे पाकीट ठेवलं. तिने माहितीपत्रक उघडलं. दहा वर्षांत ते पहिल्यांदाच उघडत होतं, घड्या मोडताना करकरलं.

"काका, तिकीट आमच्या कार्डावर काढलंत?"

"नाही. एजंटला चेक दिला."

"तिकीट कार्डावर काढलं असतं तर विमा चालू झाला असता. कार्ड वापरता ना तुम्ही?"

मी पाकिटातून कार्ड काढून दाखवलं. मुदत संपल्यावर बँकेने पाठवलेलं हे नवं कार्डही अजून कागदाला चिकटलेलंच होतं. "हरवू नये म्हणून नीट ठेवलंय," मी म्हणालो. ती ओठ मिटून हसली. आमच्या पिढीला किमती वस्तू जपायची एकच पद्धत माहीत: ती वापरायची नाही.

"आणि किती दिवस जाताय?"

"पन्नास."

"एका प्रवासाला तीसच दिवस धरतात."

"अहो, पण बाळंतपणाला सव्वा महिना असतो!" माझा आवाज चढला. रांगेतल्या एक आजी लगेच म्हणाल्या, "बरोबर हाय त्यांचं. सव्वा महिना असतोच." सगळी रांग हसली. मला मात्र हसू येईना.

"बरं, तिकिटाचं आणि दिवसांचं काहीतरी करू," मी म्हणालो. "फॅमिली तर आहे ना यात?"

"आहे. पती किंवा पत्नी, आणि दोन मुलं. तुमच्या मिसेस?"

"गेल्या."

"मुलं?"

"नाहीत."

तिचं पेन थांबलं. "मग सोबत कोण येतंय?"

"मोठी बहीण."

"बहीण नाही बसत, काका." हळूच म्हणाली, पण मला ते सगळ्या शाखेत ऐकू गेल्यासारखं वाटलं. दहा वर्षं मी ज्या फॅमिली कव्हरची फुशारकी मारत होतो, त्यात सुनंदा गेल्यापासून कोणीच नव्हतं.

मी तिला सांगत सुटलो. मी नऊ वर्षांचा असताना आई गेली. अक्का तेव्हा सतराची. उल्हासनगरच्या एका शिवणकारखान्यात ती शर्टांना बटणं लावायची, तिथल्या कापसाच्या कोंदट धुळीत दिवसभर बसायची. स्थळं यायची तेव्हा म्हणायची, बाळूचं शिक्षण होऊ दे. सात वर्षं तिने लग्न लांबवलं. हे मी बँकेच्या काउंटरवर का सांगत होतो, मलाच कळत नव्हतं.

"मला कळतंय, काका," ती मुलगी म्हणाली. "पण कागदाला नाही ना कळत." मग तिने प्रामाणिकपणे समजावलं. हा विमा अगदी वाईट नाही. ठणठणीत माणूस, आठ-दहा दिवसांची सहल, सामान हरवलं, विमान चुकलं, अपघात झाला, तर उपयोगी पडतो. पण आधीपासूनचा आजार यात नाही. "आणि फुकट म्हणू नका. त्यासाठी केवढी शिल्लक अडकवून ठेवलीय तुम्ही खात्यात."

"बॅगेचं चाक बसतं का यात?" मी खिशातून चाक काढलं. ती खळखळून हसली. चाकही बसत नव्हतं.

शिवमंदिराजवळच्या टपरीवर चहा घेऊन बराच वेळ नुसता बसलो. महाशिवरात्रीच्या जत्रेत अक्का माझं मनगट धरून इथे चालायची. हात नाही, मनगट. सुटू नये म्हणून. चहा संपला तेव्हा एक गोष्ट नक्की झाली होती: खिशातला फॉर्म भरायचा. आणि त्यात दमा लिहायचा, तर आधी अक्काला तयार करायचं. ते बँकेपेक्षा अवघड होतं.

बदलापूरला बसने उतरून सोनिवलीची रिक्षा केली. एके काळी इथे भाताची खाचरं होती. आता उंच इमारती, त्यांच्या फाटकांवर परदेशी वाटणारी नावं, आणि त्यांच्या पाठीमागे अक्काचं कौलारू घर. भावोजी गेल्यापासून ती एकटीच असते. घरात डिंक तळल्याचा वास भरला होता. परातीत लाडू, सुपात अळीव, फडक्यावर बाळंतशोप.

"आलास? आधी पानी पी. जेवलास का नाय?" शर्टाकडे पाहून म्हणाली, "जेवलास वाटतं."

जेवणं झाल्यावर तिने मनीषाने पाठवलेली यादी पुढे केली. ऑस्ट्रेलियात खाण्याची प्रत्येक वस्तू विमानतळावर लिहून सांगावी लागते, काय नेऊ द्यायचं ते तेच ठरवतात. "लिव," अक्का म्हणाली. "लाडू चाळीस. त्यातलं दोन तू खाल्लंस, अडतीस लिव. अळीव लिव, शोप लिव. काय पन लपवायचं नाय, बाळू. काढून घेतलं तर घेऊ दे. लेकराच्या घरी खोटं बोलून नाय जायचं."

मी सगळं लिहिलं. मग खिशातला फॉर्म काढून तिच्यापुढे ठेवला, आणि बँकेत काय झालं तेही सांगितलं.

"यात आजार लिहावा लागतो, अक्का."

तिचा चेहरा बदलला. "दमा नाय लिवायचा. इमानात चढू नाय देनार."

"डॉक्टरांनी जा म्हणून सांगितलंय. चढू देतात."

"आनि मनीला कळलं तर? ती म्हनंल, येऊ नको, आई. मग तिच्या उशाला कोन बसनार?" खरी भीती विमानाची नव्हतीच.

मला गोडगोड बोलून समजावता येत नाही. मी यादी तिच्यासमोर धरली आणि म्हणालो, "अडतीस लाडू लिहायला लावलेस. आणि दमा लपवायचा?"

ती एक लाडू उगाच पुन्हा वळत बसली. मग म्हणाली, "लाव तिला फोन."

मनीषाने उचलायचा अवकाश, अक्का एका दमात बोलून गेली.

"आई, मागच्या दिवाळीला मी आले होते तेव्हा तांदूळ कोण काढत होतं गं डब्यातून?" मनीषा म्हणाली. "तुझा पंप तेव्हाच सापडला. वाट बघतेय कधी सांगतेस. इथल्या डॉक्टरचं नाव लिहून ठेवलंय मी. तू ये फक्त."

अक्काने पदर तोंडाला लावला. मग तांदळाच्या डब्यातून पंप काढून लाडवांच्या डब्याशेजारी, उघड्यावर ठेवला. मी फॉर्म भरू लागलो. दमा, किती वर्षं, कोणती औषधं, सगळं. शेवटी एक रकाना होता: सोबत प्रवास करणाऱ्याशी नातं.

"लेकरू लिव," अक्का म्हणाली.

"अक्का, काही खोटं नको म्हणालीस ना?"

"हे खोटं हाय?"

रकाना कोराच ठेवून, तिच्या डॉक्टरचा कागद घेऊन मी उठलो.

परतीच्या रस्त्यात बॅग मांडीवर घेऊन हिशोब लावत होतो. बँकेचा विमा आहे की नाही, एवढाच प्रश्न मी विचारला होता. तो होताच. तो कोणाला धरतो आणि कोणाला सोडतो, हे विचारायचं राहिलं होतं. माझ्या स्वतःसाठीही दौलतभाईंकडेच दुसरा विमा काढायचं ठरवलं. बँकेचं कार्ड मात्र आता वापरेन. कुठेतरी जाऊ म्हणताना सुनंदाने तेच तर सांगितलं होतं.

दिवेलागणीला दौलतभाई फॉर्म संगणकात भरत होते. त्या रकान्याशी थांबले. "रिश्ता?"

मी त्यांना अक्काचं म्हणणं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. "साईं, क्लेम के टाइम पे गडबड होगी. भाऊ लिहू?"

"भाऊ लिहा," मी म्हणालो.

घरी पोचून अक्काला फोन केला. विमा झाला, दम्यासकट झाला, आता निश्चिंत राहा, असं सांगितलं.

"आनि नातं काय लिवलंस?"

"भाऊ."

"बरं केलंस. कागदाला काय कळतंय." आणि लगेच म्हणाली, "रात्रीचं जेवायला काय हाय तुला?"