आईच्या नावाची जागा

काबूलच्या जुन्या बाजारात माझ्या चहाच्या दुकानाला लागून गयास उस्तादचं बोळकांडीएवढं दुकान आहे. फुटक्या चहादाण्या सांधायचं काम तो करतो. दोरीच्या गिरमिटाने चिनीमातीला बारीक भोकं पाडायची, त्यांत पितळी टाके बसवायचे. त्याने सांधलेली चहादाणी गळाली असं मी तीस वर्षांत ऐकलेलं नाही. बोलतो मात्र इतकं कमी, की नवं गिऱ्हाईक त्याला मुका समजतं. त्याच्या वाटचंही मीच बोलतो.

सहा वर्षांचा असताना गाव सोडून पळताना तो हरवला. ट्रक दोन होते. आई आणि थोरला भाऊ पहिल्यात चढले, हा दुसऱ्यात राहिला. फाट्यावर पहिला हेरातकडे वळला, दुसरा काबूलला आला. इथल्या एका म्हाताऱ्या कारागिराने त्याला वाढवलं. लग्न झालं नाही. आमच्यात मागणी घालायला आई लागते. मी म्हटलं, माझ्या बायकोला पाठवतो, तर म्हणाला, "आधी आई सापडू दे."

"सापडायला ती काय सुई आहे?" मी चिडून बोललो. बोलायला नको होतं.

बारा वर्षांपूर्वी शहरात हरवलेल्यांचा शोध घेणारं एक कार्यालय उघडलं. मीच त्याला ओढत नेलं.

"बाप अब्दुल रहीम? असे रहीम गावात पाच-सहा असतील," कारकून म्हणाला. "आईचं नाव सांगा, त्यानेच ओळख पटते."

गावात सगळे तिला नज्मुद्दीनची आई म्हणायचे, थोरल्याच्या नावाने. बाईचं नाव बाहेर काढणं म्हणजे तिची अब्रू चव्हाट्यावर मांडणं. मग सहा वर्षांच्या पोराला ते कळणार कसं? आणि भावाचं नाव लिहायला कागदावर जागाच नव्हती.

"अहो, सख्ख्या आईचं नाव ठाऊक नाही?" कारकून हसला. मागची रांगही हसली.

उस्तादचे कान लाल झाले. "महजबीन," तो म्हणाला.

बाहेर आल्यावर मी त्याच्या पाठीवर थाप मारली. "बघ, आठवलं की!" तो चालू लागला. पुढे वर्षानुवर्षं दर गुरुवारी तिकडे जाऊन यायचा आणि निमूट गिरमीट धरायचा. त्याच्याकडे बघवत नसे.

गेल्या हिवाळ्यात हेरातहून दवापाण्यासाठी आलेला एक गृहस्थ माझ्याकडे चहाला टेकला. मला कुठे गप्प बसवतंय! शेजाऱ्याची कहाणी मी त्याला गावाच्या नावासकट ऐकवली. त्याचा पेला हातातच राहिला.

"मी नज्मुद्दीन," तो म्हणाला.

दोघे भाऊ गळ्यात पडून रडले. मीही रडलो. मग उस्तादने विचारलं, "आई?"

"तीन वर्षं झाली तिला जाऊन." नज्मुद्दीनने डोळे पुसले. "हेरातच्या कार्यालयात आम्ही विचारलं होतं रे. ते म्हणाले, काबूलमध्ये एक गयास आहे. गाव तेच, बाप रहीम, पण आई महजबीन. आपली आई तर शिरीन. ती म्हणाली, म्हणजे तो दुसऱ्याच कुणा आईचा. त्या बिचाऱ्याला त्याची आई भेटू दे. मग रोज नमाजानंतर तुझ्यासाठी दुआ मागायची, आणि त्याच्यासाठीही."

"ते नाव मी बनवून सांगितलं होतं," उस्ताद म्हणाला. "लोक हसले म्हणून."

वसंतात मी दुकान बंद ठेवून त्याच्याबरोबर हेरातला गेलो. कबरीच्या दगडावर कोरलं होतं, 'नज्मुद्दीनची आई'. उस्तादने पिशवीतून गिरमीट काढलं.

"अरे, आईचं नाव उघड्यावर? लोक तोंडात शेण घालतील," नज्मुद्दीन घाबरून म्हणाला.

"घालू देत."

दुपारभर तो एकेक भोक पाडत, ठिपक्याला ठिपका जोडत बसला. शिरीन.

परतीच्या बसमध्ये त्याने विचारलं, "तुझ्या आईचं नाव काय रे?"

साठी उलटली माझी. तरी आधी मागेपुढे पाहिलं, मग त्याच्या कानाशी लागून सांगितलं.

"मोठ्याने सांग," तो म्हणाला.

दिवसभर बाजार डोक्यावर घेणारा मी, पण माझी जीभ उचलली नाही.