पाय धुण्याची यादी

गुड फ्रायडेच्या आदल्या गुरुवारी आमच्या दौंडच्या चर्चमध्ये फादर बारा जणांचे पाय धुतात. येशूने शिष्यांचे धुतले होते, म्हणून. ते बारा कोण, याची वही माझ्याकडे असते. एकशे आठ घरं, वर्षाला बारा, म्हणजे एका घराचा नंबर नऊ वर्षांनी लागतो. इथे वशिला चालत नाही, असं मी अभिमानाने सांगायचो.

त्या वर्षी निवडणूक होती. आमच्या दफनभूमीचा रस्ता कच्चा. पावसाळ्यात शवपेटी खांद्यावर घेऊन चिखल तुडवावा लागे. सहा अर्ज दिले होते, सहांच्याही पोचपावत्या माझ्या फाइलला आहेत. तेवढ्यात एका पुढाऱ्याच्या कार्यालयातून फोन आला, साहेब गुरुवारी चर्चला भेट देतील.

कमिटीचे अध्यक्ष म्हणाले, "त्यांना बारांत बसवा."

"ते आपल्यातले नाहीत. आणि बारा भरलेत."

"मग एक कमी करा. तुम्हाला गणित येतं ना?"

फादर नवीनच आलेले. ते म्हणाले, "पाय कुणाचेही धुता येतात." ते खरंच होतं. मी वही उघडली.

मी कमी केले ते वडगाव रासाईचे आबा. ऐंशीच्या घरातले, जन्मभर शेतमजुरी केलेले, एकटे. वहीत कारण लिहिलं, 'लांबून येतात, त्रास नको.' खरं कारण हे, की बाकीचे अकरा जण भांडले असते आणि आबा भांडणारे नव्हते. त्यांना फोन करून सांगायचं मी चार दिवस ढकललं, आणि शेवटी सांगितलंच नाही.

गुरुवारी आबा दोन गाड्या बदलून दुपारीच हजर. आमच्याकडे पाय धुवून घ्यायला येणारा माणूस घरूनच पाय घासून येतो. लाज वाटते. आबांच्या टाचांच्या भेगा घासून घासून पांढऱ्या पडल्या होत्या. फाटकाशी बाजूला घेऊन मी त्यांना सांगितलं.

"सायबाचं पाय व्हय?" आबा म्हणाले. "धुवा की. म्या आपला धुऊनच आलोय."

थोड्या वेळाने म्हणाले, "पाणी भरून ठिवू का? बादली कुठं हाय?"

साहेब पन्नास मिनिटं उशिरा आले. प्रार्थना तोवर खोळंबली. फोटोत मध्ये यावेत म्हणून त्यांना सहावी खुर्ची दिली होती. पाच जणांचे पाय धुऊन फादर त्यांच्यापुढे गुडघ्यांवर बसून पाणी ओतू लागले, तसे साहेब गडबडले. "अहो, हे उलटं होतंय," म्हणत उठले आणि ओल्या पायांनीच वाकून त्यांनी फादरच्या पायांना हात लावला. मला तो माणूस वाईट वाटला नाही. फोटो मात्र तेवढ्याचेच निघाले. मग गाड्या गेल्या. उरलेल्या सहा जणांचे पाय धुताना चर्च निम्मं रिकामं होतं आणि सहावी खुर्चीही. तिथे बसवायला मी आबांना शोधलं. ते शेवटच्या गाडीसाठी निघून गेले होते. दाराशी दोन बादल्या काठोकाठ भरून ठेवलेल्या होत्या.

रस्ता झाला. पावसाळ्याच्या आत, डांबरी, दफनभूमीच्या दारापर्यंत. मी चालून मोजला, तीनशे बारा पावलं. अध्यक्ष म्हणाले, "बघा, एका खुर्चीत काम झालं." त्यांचं चुकलं असंही म्हणता येईना. त्या पावसाळ्यात दोन शवपेट्या त्याच रस्त्याने गेल्या. कुणाचे पाय चिखलात रुतले नाहीत.

पुढच्या वर्षीच्या यादीत आबांचं नाव पहिलं लिहून मी वडगावला गेलो. फाट्यापासून पायी. मला बघून आबा तांब्या घेऊनच बाहेर आले.

"आदी पाय धुवा. लई फुफाटा हाय."

"द्या आबा, मी घेतो."

"पाव्हण्यानं घ्यायचं नसतं. धरा फुडं."

भिंतीला एक हात टेकून, जेमतेम वाकून, ते माझ्या पायांवर पाणी ओतत राहिले. तांब्या संपेपर्यंत मी मान वर केली नाही.

मग गुरुवारचं विचारलं.

"आता न्हाई जमायचं," ते म्हणाले. "गुडघं गेलं. यष्टीची पायरी चढवत न्हाई. मागल्या साली चढवत व्हती."

रागाने नाही, सहजच म्हणाले. चहा झाल्यावर मी निघालो. नियमाप्रमाणे त्यांच्या घराचा नंबर आता नऊ वर्षांनी.