हात कानाला पोचेपर्यंत

"दाखव गं. आई तुझा हात कशाला ओढायची ते दाखव सगळ्यांना."

डॉक्टर असं म्हणाले आणि बंगल्याच्या अंगणात खुर्च्यांवर बसलेली माणसं माझ्याकडं वळली. संध्याकाळची वेळ. डॉक्टर बायको-पोरासकट विलायतेला निघाले होते, म्हणून जेवण ठेवलं होतं. सगळ्यांच्या हातात आइस्क्रीमच्या वाट्या. रिकाम्या झालेल्या वाट्या मी गोळा करत होते. माझा उजवा खांदा अजून ठणकत होता.

"हात डोक्यावरून घे. हां. आता पलीकडचा कान धर."

मी उजवा हात डोक्यावरून डावीकडं नेला. बोटं कानाच्या वरच, केसांत थांबली. अजून ताणला. खांद्यात कळ आली. डोळ्यांत पाणी आलं. एक बाई म्हणाली, "अगंबाई, रडतेय की ही!" आणि हसली. मग सगळेच हसले. डॉक्टरांनी सगळी गोष्ट पहिल्यापासून रंगवून सांगितली. त्या माणसांत शाळेचे हेडमास्तरही होते. चमचा चाटत ते म्हणाले, "बोटभर कमी पडतोय. पुढच्या साली ये."

आम्ही मंगळवेढ्याकडचे. मेंढरं राखणारे. बहात्तरच्या दुष्काळात आधी चारा गेला, मग पाणी, मग मेंढरं. आईबाप दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले. तिथं वाटायचे ती सुकडी खाऊन मी जगले. मिळेल त्या दिवशी खायची, नाही त्या दिवशी पोट आवळून पडायचं. पुढं पाऊस झाला, पण राखायला मेंढरू उरलं नव्हतं. मग सोलापुरात आलो. रुळांच्या पलीकडं पत्र्याचं खोपट घातलं. बाप धान्याच्या बाजारात पोती वाहायचा. आई रेल्वे लाइन्सच्या बंगल्यांत, या डॉक्टरांकडं, धुणंभांडी करायची. धाकटी बहीण तेव्हा रांगत होती.

आईच्या डोक्यात एकच खूळ होतं. पोरगी शाळेत घालायची. का, ते तिनं कधी सांगितलं नाही. खडीच्या कामावर मुकादम तिचा अंगठा धरून शाईत दाबायचा आणि वर हसायचा. ते तिला सहन व्हायचं नाही, एवढं मला आठवतं.

पहिल्या जूनमध्ये ती मला घेऊन शाळेत गेली. हेडमास्तरांनी विचारलं, "जन्मतारीख?"

आई म्हणाली, "मेंढरांत लांडगा घुसला हुता बगा, त्या साली झाली. माळावर."

"मग लांडग्याला तारीख विचारून ठेवायची होतीस," हेडमास्तर म्हणाले. बाजूचे दोघे मास्तर हसले.

मग त्यांनी मला हात डोक्यावरून घ्यायला लावला. ज्या पोराच्या जन्माची कुठं नोंद नाही, त्याचं वय तेव्हा असंच बघायचे. उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लागला की सहा पुरी झाली. नाही लागला की घरी.

माझा नाही लागला. पुढच्या जूनलाही नाही. माझ्याहून लहान, पण खाऊनपिऊन सुखी घरांतली गुबगुबीत पोरं पटकन कान धरायची आणि आत जायची. माझे हात काडीसारखे आणि आखूड. हाडं वाढायच्या दिवसांत पोटात काय गेलं होतं? पण हे तेव्हा कळत नव्हतं. मला वाटायचं, आपला हातच वाईट. रात्री झोपताना मी त्या हाताचा रागराग करायची.

कोकरू वाकड्या पायाचं जन्मलं तर आमच्यात त्याचा पाय तेलानं चोळतात, रोज थोडा थोडा ओढतात. होतो तो सरळ. आईनं तेच माझ्यावर केलं. रोज सकाळी कामावर जायच्या आधी ती मला भिंतीला टेकवून बसवायची. करडईचं तेल तळहातावर घ्यायची. भाजीत तेल नसायचं, हाताला असायचं. खांद्यापासून बोटांपर्यंत चोळायची आणि मग दोन्ही पाय रोवून ओढायची.

"दम धर, बाय. शाळंत जायचंय की न्हाय?"

"जायचंय."

मी ओरडत नव्हते. मला खरंच वाटायचं की हात वाढतोय. आई गेली की मी एकटीच कान धरून बघायची, आणि कधीकधी नखाला कान लागल्यासारखंही वाटायचं.

एका सकाळी खांद्यात कट्कन आवाज झाला आणि हात लोंबायला लागला. आईनं मला कडेवर घेतलं, आठ वर्षांच्या पोरीला, आणि पळत बंगल्यावर आली. डॉक्टरांनी खांदा बसवला. पैसे घेतले नाहीत. खोटं कशाला बोलू. मग विचारलं, हे झालं कसं? आईनं सांगितलं. डॉक्टर हसून हसून लाल झाले. आईला म्हणाले,

"अगं ठकू, हात म्हणजे काय रबर आहे?"

मग माझं मनगट चिमटीत धरून ते बायकोला म्हणाले, "आठची तरी असेल ही. दात बघ ना. दुष्काळातलं पोर. खायला नाही मिळालं, हाडं कुठून वाढणार?"

म्हणजे त्यांना माहीत होतं. माझं वय माहीत होतं, हात का आखूड तेही माहीत होतं.

आईनं ते पकडलं. म्हणाली, "मग सायेब, एवढंच सांगा की हेडमास्तरास्नी. तुमचं ऐकत्याल त्ये."

"बघू," डॉक्टर म्हणाले. हेडमास्तर दर रविवारी त्यांच्याकडं चहाला यायचे. मीच कपबशा विसळायची. एकाही रविवारी माझा विषय निघाला नाही.

विषय निघायचा परागचा. हा त्यांचा पोरगा, साडेचार वर्षांचा. बाईंना काळजी लागली होती. "तिकडे पाचव्या वर्षी मुलं शाळेत बसलेली असतात म्हणे. आपला पराग मागे पडेल हो." त्यावर हेडमास्तर म्हणाले, "मागे कसा पडेल? उद्यापासून पाठवा. पहिलीत बसवतो. जाईपर्यंत मुळाक्षरं तरी होतील."

दुसऱ्या दिवशी पराग पहिलीत. त्याचं दप्तर मीच घेऊन गेले. त्याला वर्गाच्या दारात सोडलं आणि परत येऊन भांड्यांना बसले. त्याचा कान कुणी बघितला नाही.

तर त्या जेवणाच्या संध्याकाळी मी सगळ्यांसमोर हात वर करून उभी होते. तेवढ्यात पराग पळत आला. "मी पण! मी पण!" त्यानं डोक्यावर हात घेतला. त्याचा तर टाळूवरच राहिला. माणसांनी टाळ्या वाजवल्या. हेडमास्तरांनी त्याला मांडीवर घेतलं. "याला काय करायचाय कान? हा चाललाय साहेबाच्या देशात!"

डॉक्टरांना सांगायचा हुरूप आला. "तिकडे कायदाच आहे. पाच वर्षांचं मूल शाळेत दिसलं नाही की सरकारचा माणूस घरी येतो. आईबापांना जाब विचारतो. मजुराचं पोर असो नाहीतर गव्हर्नरचं."

मी ऐकतच राहिले. असा एक देश आहे जिथं शाळेचा माणूस पोराला न्यायला दारात येतो. आमच्याकडं आई दोन वर्षं दारात जात होती आणि तिला हाकलत होते. तोवर मला वाटायचं की जगात सगळीकडं असंच असतं. हात आखूड, म्हणून शाळा नाही. पाऊस नाही, म्हणून पीक नाही. त्यात कुणाचा हात असतो, कुणी ठरवलेलं असतं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

आई पडवीत ताटं विसळत होती. ती उठली, ओल्या हातानं पदर डोक्यावर घेतला आणि पायरीपर्यंत आली.

"सायेब, मेंढरामागं फिरणाऱ्याच्या पोरीला बी नेत्यात?"

"हो गं, सगळ्यांना."

"आन कान न्हाईत बगत?"

सगळं अंगण हसलं. बाईंना ठसका लागला. डॉक्टर म्हणाले, "चल मग आमच्याबरोबर. पोरीला तिकडेच घालू शाळेत." कुणीतरी म्हणालं, "पण विमानात मेंढरं घेत नाहीत हो!" मग आणखी हसले.

आणि आईपण हसली. ओशाळं, खाली बघून, त्यांना बरं वाटावं म्हणून. माझ्यावर हसले तेव्हा मला रडू आलं होतं. आईला असं हसताना बघितलं आणि रडू आटलं. राग आला. आयुष्यात पहिल्यांदा मला दुसऱ्या कुणाचा तरी राग आला, तोवर तो आपल्या हाताचाच यायचा.

हेडमास्तर म्हणाले, "हां पोरी, पुन्हा लाव बघू. जरा जोर लाव."

"न्हाय लावणार," मी म्हणाले.

"काय?"

"परागचा बी पोचला न्हाय. त्याला कसं घेतलं?"

कुणी हसलं नाही. हेडमास्तरांनी डॉक्टरांकडं बघितलं. डॉक्टरांनी हातातल्या वाटीकडं. बाई तेवढ्या बोलल्या. "ठकू, पोरीला आवर. फार डोक्यावर चढवून ठेवली आहेस."

आई आली आणि तिनं सगळ्यांसमोर माझ्या थोबाडीत मारली.

आम्ही घरी निघालो. रूळ ओलांडताना ती म्हणाली, "खरं बोललीस. पर आपुन खरं बोलायचं नस्तंय." थोबाडीत मारल्याचं मला काही वाटलं नव्हतं. हे ऐकून मात्र तिचाही राग आला.

त्याची किंमत लगेच दिली. बंगल्यात नवे भाडेकरू येणार होते, ते आईला कामावर ठेवणार होते. बाईंनी जाताजाता त्यांना सांगितलं, दुसरी बघा, हिची पोरगी तोंडाळ आहे. आईचं काम गेलं. जूनमध्ये शाळेत गेलो तर हेडमास्तरांनी मान वर न करताच सांगितलं, "जागा भरल्या."

त्याच्या पुढच्या जूनला माझा हात पोचला. त्यांनी सांगायच्या आधीच मी कान धरला. घट्ट धरला. तशीच उभी राहिले. हेडमास्तरांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"केवढी घोडी झालीय ही! पहिलीच्या लेकरांत हिला कुठं बसवू? वय गेलं हिचं."

आधी मी लहान होते. मग माझं वय गेलं. या दोन्हींच्या मधे मी बरोबर वयाची होते तो दिवस कुठला? तो मी पुष्कळ शोधला. तो दिवस आमच्यासाठी ठेवलेलाच नव्हता. पराग तेव्हा तिकडं कुठल्यातरी वर्गात बसला असेल. त्याच्यावर माझा राग नाही. तो लेकरू होता. मीपण होते.

आईनं त्यानंतर शाळेचं नाव काढलं नाही. मला बिड्यांच्या कारखान्यात बसवलं. तिथं वय कुणी विचारलं नाही. शेजारी बसणारी एक बाई सुपातल्या तंबाखूच्या भुकटीत बोटानं अक्षरं काढून दाखवायची. मुकादम आला की सूप हलवायची. तेवढंच माझं शिक्षण. जेमतेम वाचता येतं, वेडंवाकडं लिहिता येतं.

धाकटी सहा वर्षांची झाली. मी आईला म्हणाले, हिला शाळेत घालू. आई म्हणाली, "नगं. पुन्यांदा त्येच." बाप भिंतीकडं तोंड करून पडून राहिला. मी कारखान्यात खाडा केला आणि धाकटीला घेऊन गेले. तीच शाळा, तेच हेडमास्तर. चष्मा लागला होता. मला ओळखलं नाही.

"हात डोक्यावरून घे," ते धाकटीला म्हणाले. तिनं हात उचलला. मी तो धरून खाली घेतला.

"घेणार न्हाय."

"मग वय कसं कळणार?"

"मी सांगते की. सहा पुरी झाली. थोरली भन हाय मी तिची."

"असं चालत नाही. नियम आहे."

"डाक्टरच्या परागला नव्हता."

त्यांनी चष्मा काढला. आठवलं की नाही, कोण जाणे. शिपायाला हाक मारली. शिपायानं आम्हाला दंडाला धरून फाटकाबाहेर काढलं. धाकटी रडायला लागली. "आक्का, घरला जाऊ." मी तिला फाटकाच्या मधोमध खाली बसवलं आणि तिच्याशेजारी बसले.

त्या दिवशी तिचं नाव लागलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मुकादमानं निरोप पाठवला की उद्या आली नाहीस तर येऊच नको. आई आली, ऊठ म्हणाली, माझ्या पाया पडली. माझी आई, माझ्या. मी उठले नाही. नाव लागलं म्हणून काय मोठं होणार आहे, हे मलाही कळत होतं. आमच्या वस्तीतली जी पोरं आत गेली होती, त्यांना मागं बसवून वर्ग झाडायला लावायचे. दिवाळीपर्यंत ती शाळा सोडून घरी आलेली असायची. चांगलं काही होईल अशी आशा मला तेव्हा नव्हती, आजही नाही.

आशेसाठी मी बसलेच नव्हते. फाटकात बसूनच मी ठरवलं. हात जोडायचे नाहीत. विनवायचं नाही. पुढच्या साली या म्हणाले तर पुढच्या सालापर्यंत इथंच बसायचं. हेडमास्तरांना शाळेत जायचं असेल तर रोज सकाळी त्यांनी आम्हा दोघींना ओलांडून जावं.