बशीर मिस्त्रीचा काळा ओटा

हां, तर बशीर मिस्त्री ओट्यावर उकिडवा बसलेला, आणि चंद्रशेखर वकील कमरेवर हात ठेवून म्हणत होते, "बशीर, हा दगड नाही रे वाटत. नवी कोरी ट्रंक वाटते!"

साल एकसष्ट. दारव्ह्यात वकिलांचं नवं घर झालं होतं. त्यांच्या बायकोला, सुनीतीबाईंना, दारापुढे माहेरासारखा जुन्या काळ्या दगडांचा ओटा हवा होता. तसे दगड आता कुठून आणायचे? बशीर तोवर साधा गिलाव्याचा मिस्त्री. पण घराणं रंगाऱ्याचं, बाप लुगड्यांवर लाकडी ठसे उमटवायचा. बशीरच्या मनात आलं, कापडावर फूल उमटते, तर ओल्या सिमेंटवर दगड काहून नाही उमटणार?

त्यानं सागाची जाड फळी छिन्नीनं टोचून टोचून खडबडीत केली. सिमेंट घट्ट होत आलं की वरून राख भुरभुरायची, म्हणजे ठसा चिकटत नाही. मग फळी ठेवायची आणि तिच्यावर चढून नाचायचं. हो, नाचायचंच! तो नाच पाहायला अर्धी गल्ली जमली होती. ठसे झकास उठले. मग काजळी आणि चिमूटभर हिरमुजी, म्हणजे तांबडी माती, पाण्यात कालवून तो पातळ रंग त्यानं फडक्यानं पाजला. तिथंच घोटाळा झाला. रंग सगळीकडे सारखा बसला, काळा कुळकुळीत.

रविवारी सुनीतीबाईंचे वडील यायचे होते. वकिलांनी निकाल देऊन टाकला, "रविवारच्या आत जमव. नाहीतर उखडून साधा कोबा कर. तू आपला गिलाव्यातच बरा."

हे शेवटचं वाक्य बशीरला फार लागलं. घरी भाकर पुढ्यात तशीच राहिली. बायको अकीला म्हणाली, "जेवत काहून नाही जी?"

"ओटा जवान दिसून राह्यला."

"अगं माय! लोकं जवान दिसाले काय काय करते, अन् तुमचा ओटा फुकटात जवान झाला तर तुम्ही रडून राह्यले!"

शनिवारी उजाडताच बशीर थापी घेऊन निघाला. कोपऱ्यावरूनच त्याला घासण्याचा आवाज आला. खर्र, खर्र. वकिलांच्या आत्याबाई पदर खोचून ओट्यावर बसल्या होत्या. तीर्थयात्रेहून आदल्याच संध्याकाळी आलेल्या, त्यांना कोणी काही सांगितलेलं नव्हतं. एका हातात नारळाची शेंडी, दुसऱ्या हातात भिजवलेल्या चिंचेचा गोळा. तांब्या-पितळ घासावं तसा त्यांनी अर्धा ओटा घासून काढला होता. चिंच पडेल तिथं बारीक फेस येत होता.

बशीरच्या हातून थापी सुटली. "आत्याबाई, हे काय करून राह्यल्या!"

"तूच का तो मिस्त्री? मेल्या, ओटा बांधता येते, पुसता येत नाही? माणसाच्या दारात कोणी काजळी सांडून जाते का? बोटं गेली माझी!"

त्यांनी बादलीभर पाणी ओतलं. पाणी निथळलं, आणि बशीर पाहतच राहिला. उंचवट्यांवरचा रंग उडून करडा झाला होता, खाचांमध्ये काळा तसाच दबून बसला होता, आणि मधेमधे चिंचेनं असे पिवळट तपकिरी डाग पाडले होते, की जणू शंभर पावसाळे त्यावरून गेलेत. पुढे यवतमाळपर्यंत त्यानं असे अकरा ओटे केले, आणि दर ओट्याला पायलीभर चिंच मागितली. लोकांना वाटायचं, मिस्त्रीला आंबट वरणाची आवड आहे!

आवाज ऐकून वकील अनवाणी बाहेर आले. घासलेल्या भागावर पाय पडला तसे थांबले. वाकून त्यांनी हात फिरवला. मागून सुनीतीबाई आल्या, आणि सरळ ओट्यावर मांडी घालून बसल्या. चेहरा असा, की जणू माहेरी जाऊन आल्या.

"शाबास!" वकील म्हणाले. "बशीर, लेका, तू गिलाव्यातला माणूसच नाहीस. हीच कारागिरी उरलेल्या अर्ध्या ओट्यावर कर. आजच्या आज."

बशीरला गप्प बसता आलं असतं. श्रेय आयतं पदरात पडत होतं. आत्याबाई बोटांवर फुंकर घालत त्याच्याकडे रोखून पाहत होत्या. त्यानं टोपी सारखी केली आणि बोलला ते असं:

"वकीलसाहेब, ठसा माहा, रंग माहा, पण त्याले म्हातारा केला आत्याबाईनं. उरलेला अर्धा बी त्याहिलेच करू द्या. मी चिंच भिजवतो, पाणी ओततो, अन् त्याहिले म्हणा, घासता घासता मले शिव्या देत राहा. हा रंग त्याच्यानंच उतरला!"